आडनाव काय म्हणालात?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर भाड्याचं घर शोधायला निघालात की एजंटचे प्रश्न ठरलेले असतात. वन बीएचके की टू, बजेट किती, डिपॉझिट किती, फॅमिली की बॅचलर. मग आवाज जरा खाली येतो. "आडनाव काय म्हणालात?" आडनावावरून अंदाज नाही लागला तर "व्हेज की नॉनव्हेज?" मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, कुठेही चौकशी करा, तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. "ओनरला विचारून सांगतो" म्हणतात आणि मग फोन येत नाही. एजंटला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला महिन्याभराचं भाडं दलाली म्हणून मिळणार असतं आणि ते बुडलेलं त्यालाही नकोच असतं.

या रस्त्यावरचे बहुतेक टॉवर माझ्या पिढीने उभे राहताना पाहिले. त्याआधी इथे आगऱ्यांची गावं, कोळ्यांचे धक्के आणि डोंगराच्या अंगाला वारल्यांचे पाडे होते. लिफ्ट नवी, क्लबहाउस नवं, मग प्रश्न एवढा जुना कसा? 'गावाकडून आला' हे सोपं उत्तर झालं. गावाचा वाटा आहेच, पण शहरी सोसायटीत हा प्रश्न शिरला तो एका चांगल्या, पुरोगामी म्हणाव्या अशा दारातून.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळी माणसं मारतात हे तेव्हा सगळ्यांना कळलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा, आणि १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. नोकरदार माणसाने भांडवल गोळा करून स्वतःचं हवेशीर घर बांधायचं, घरमालकाच्या मेहेरबानीवर जगायचं नाही, ही कल्पना त्या काळात मोठीच होती. पण सहकाराला विश्वास लागतो. कर्ज बुडवणार नाही याची खात्री कोणाची? ओळखीच्याची. आणि तेव्हाच्या मुंबईत ओळख जातीच्या पलीकडे फारशी जात नव्हती. मग पारशांची सोसायटी, कॅथलिकांची सोसायटी असं होत गेलं. तालमकींच्या हेतूला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र 'सभासद कोण होऊ शकतो' हे लिहायची जागा उपविधींमध्ये तयार झाली, आणि ती पुढे भलत्याच कामाला आली.

दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन दहा-बारा पारशी आले आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू मित्राने सांगितलं, तुम्ही आलात तर घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारायला हवं. "ओनरला विचारून सांगतो" याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा अवतार! दिवसाचे उरलेले तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

ज्या अमेरिकेत शिकताना अस्पृश्यतेचा विसर पडला असं त्यांनी लिहून ठेवलं, तिथेही त्याच १९१७ साली घराचाच खटला निकाली निघाला. लुइव्हिल शहराने कायदा केला होता: गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी राहायचं नाही आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे काय झालं ते आपल्या कामाचं आहे. सरकारला जे करता येईना ते शेजाऱ्यांनी आपसात केलं. घराच्या खरेदीखतात अट घातली जाऊ लागली, हे घर निग्रोला विकणार नाही, कुठे ज्यूला नाही, कुठे आशियाईला नाही. पेशावरहून गेलेल्या वैष्णो दास बगाई यांना त्याच दशकात बर्कलीत विकत घेतलेल्या घरात शेजाऱ्यांनी पाऊल टाकू दिलं नाही. १९२६ मध्ये न्यायालयाने अशा करारांत हात घालायला नकार दिला. १९४८ मध्ये ठरलं की न्यायालयं ते अमलात आणणार नाहीत. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात घरांबाबतचा भेदभावविरोधी कायदा झाला. त्यानंतर पुढाऱ्यांची भाषा बदलली. 'काळे' हा शब्द गेला, 'उपनगरांची शांतता' आली. २०२० च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प उपनगरांत स्वस्त घरं येऊ देणार नाही म्हणत होते, तेव्हा त्यांना कोण नको होतं हे ऐकणाऱ्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. या ट्रम्प यांच्याच कंपनीवर काळ्या भाडेकरूंना घरं नाकारल्याबद्दल १९७३ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला होता. दोन वर्षांनी तो गुन्हा कबूल न करता तडजोडीने मिटला.

आपल्याकडचा प्रवास उलट झाला. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, घर नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने खुलं सभासदत्व मान्य केलं, पण 'उपविधींनुसार पात्र' या अटीवर. आणि २००५ मध्ये, अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांना देणारा उपविधी वैध ठरवला. कारण दिलं, संघटना स्थापण्याचं स्वातंत्र्य. अमेरिकेने १९४८ मध्ये जो रस्ता बंद केला तो आपण सत्तावन्न वर्षांनी मोकळा केला.

घोडबंदरच्या टॉवरांत असे लेखी उपविधी लागतच नाहीत, फोनवरचा प्रश्न पुरतो. आणि त्या प्रश्नाला बळ मिळालं ते राजकारणातून. आडनावांची यादी छापून लोकांना चेतवायचं तंत्र 'मार्मिक' साप्ताहिकाने साठच्या दशकात 'वाचा आणि थंड बसा' या सदरात वापरलं. तेव्हा यादीत दाक्षिणात्य होते. त्यातूनच १९६६ ला शिवसेना निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने पहिली सत्ता मिळवली ती आपल्या ठाण्याची. यादीतली नावं पुढे बदलत गेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतले कितीतरी मुसलमान मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेले. घोडबंदर रोडवरचा माणूस या दोन्ही गावांना 'तिकडे' म्हणतो. मुंब्रा त्याच्याच महापालिकेत आहे आणि मीरा रोड त्याच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

मग यादी उलटली. २०२३ मध्ये मुलुंडच्या एका इमारतीत मराठी बाईला 'महाराष्ट्रीयन चालत नाही' म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या एका संकुलात धुपाच्या धुरावरून भांडण पेटलं, मराठी माणसाच्या मांस-मच्छीचा उद्धार झाला, मारहाण झाली, विधिमंडळात गदारोळ झाला आणि एक सरकारी कर्मचारी निलंबित झाला. संताप रास्तच होता. नव्या इमारतींत मराठी माणसाला निम्मी घरं राखीव ठेवा, अशी मागणीही झाली. पण अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांची चाचपणी करून दाखवलं होतं की दलित आणि मुसलमान नावांना सवर्ण नावांपेक्षा जास्त नकार मिळतात, तेव्हा कुठलं सभागृह तहकूब झालं नाही. आपल्या पुढाऱ्यांना नकाराचं वावडं नाही, आपला मतदार नाकारला गेला तरच त्यांना तो दिसतो. मला यातला हा भाग सगळ्यात किळसवाणा वाटतो.

कायदा अगदीच मुका नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहतं घर घेण्यापासून अडवणं गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. करार आणि पोलिसांना दिलेली माहिती आठ दिवस आधी कळवली की झालं. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा व्हायला हवी. भाडेकरूंचा विषय निघाला की उपविधींची प्रत मागून घ्या, आणि आडनाव विचारायला सांगणारं कलम कोणतं, ते सेक्रेटरींना सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा.