शेतमजुराचे हात आणि पाण्याचा नियम

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले. आज तोच प्रश्न शेतात नेऊन बघू. हात धुवा हे सांगणं सोपं आहे, पण धुवायचे कुठं?

अमेरिकेत 1970 साली कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखाली कारखान्यांत संडास आणि हात धुण्याची सोय सक्तीची झाली. शेतमजूर मात्र बाहेरच राहिला. द्राक्षं, लेट्यूस तोडणारे हे लोक, बरेचसे मेक्सिकोकडचे. फवारलेल्या पिकातून हात फिरवायचा आणि त्याच हातानं जेवायचं. संडास नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी प्यायच्या, त्यातून मूत्रमार्गाचे आजार जडायचे.

1965 साली द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला. पाच वर्षांनी सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या संघटनेनं मळेवाल्यांशी करार केले, त्यात या सोयी मिळवल्या. पण करार म्हणजे कायदा नव्हे. म्हणून 1972 साली मजुरांच्या वतीनं सरकारकडे नियमाची मागणी झाली. नियम निघाला 1987 साली, तोही कोर्टानं आदेश दिल्यावर. 15 वर्षं! आणि मिळालं काय? 20 मजुरांमागे एक संडास आणि हात धुण्याची एक जागा, पाव मैलाच्या आत. तिथं स्वच्छ पाणी, साबण, एकदाच वापरायचे रुमाल. त्यातही दहा किंवा कमी मजुरांची शेतं वगळलेली.

कोणी म्हणेल, आता सॅनिटायझर आहे की, पाण्यावाचून काय अडलंय? तर अडतं. अल्कोहोल जंतू मारतं, पण मातीनं आणि चिकानं माखलेल्या हातावर ते नीट चालत नाही. कीटकनाशक तर त्यानं निघत नाही, त्याला साबण-पाणीच लागतं. म्हणून त्या नियमात सॅनिटायझर ही पाण्याची बदली धरलेली नाही.

हे आपल्यापासून लांबचं नाही. 2020 साली कोरोनात आपल्या साखर कारखान्यांनी मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर तयार केलं. चांगलंच काम झालं. पण ज्यांच्या कोयत्यानं तो ऊस तुटला, त्यांच्या कोपीजवळ नळ होता का, हेही आपण विचारायला हवं. हात धुण्याची सवय लावण्याआधी पाणी पोचवावं लागतं.