माळ्यावरचे उंदीर

गेल्या दिवाळीत वरणगावला गेलो होतो. भुसावळच्या पुढचं आमचं गाव. बाहेरच्यांना 'ऑर्डनन्स फॅक्टरीचं वरणगाव' म्हटलं की पटकन कळतं. घर जुन्या गावठाणात आहे. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळयांवर माळा, आणि पूर्वी जिथे धाबं होतं तिथे आता पत्रे.

तर झालं असं की पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास माळ्यावर धावपळ सुरू झाली. पुण्याच्या फ्लॅटची सवय लागलेला माणूस मी, झोप उडाली. मोबाइल काढून 'घराच्या माळ्यावर आवाज' असं शोधलं, तर निघालं सगळं अमेरिकेतलं. तिथे म्हणे रॅकून नावाचा प्राणी छपरात शिरून पिल्लं घालतो. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेल्या चोरासारखा दिसतो. गंमत वाटली, पण खानदेशात रॅकून कुठून येणार?

आपल्याकडे संशयित तीनच. घूस बिळं करून राहते, माळ्यावर सहसा चढत नाही. उदमांजर वजनदार असतं, पत्र्यावर धप्पकन आवाज येतो आणि त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया दिसतात. आणि तिसरा आपला नेहमीचा उंदीर. हलकी खुडखुड, मधूनच कुरतडणं. सकाळी शिडी लावून चढलो. बारीक काळ्या लेंड्या, एका गोधडीची पार चाळण, तुरीच्या पोत्याला भोक. केस क्लोज्ड!

मी लगेच विषाच्या वड्या आणायला निघालो, तर आजीने अडवलं.

"मायावर वाजते तं वाजू दे, भाऊ. वाजनं बंद झालं की मले सांगजो. आन् मेलेला दिसला तं हात नको लावजो."

(आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, म्हणून माळ्याचा 'माया'.)

मला वाटलं, वयाचा परिणाम. आवाज येतोय हा प्रॉब्लेम, आणि ही म्हणते आवाज थांबला की सांग! पण मग तिने तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं. पिलोकाच्या वर्षी आधी उंदीर पडायचे. तुळईवरून टपकन खाली. तसे दोन-तीन पडले की माणसं भांडीकुंडी, गुरं घेऊन शेतात झोपडी घालायची आणि घराला कुलूप. पिलोक म्हणजे प्लेग. आमच्या जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितेतही हाच शब्द येतो.

पुण्याला परत आल्यावर दोन विकांत यावरच वाचत बसलो. जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पेशंट ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. तिथून रोग धान्याच्या व्यापाराबरोबर आणि रेल्वेबरोबर आत शिरला. मुंबई-भुसावळ-नागपूर लाइनवरचा आमचा भाग त्यातून कसा सुटणार? पुढच्या काही दशकांत भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

सरकारने काय केलं? १८९७ चा साथरोग कायदा आणला. हा कायदा आपल्याला कोविडमध्ये पुन्हा भेटला. पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून पेशंट शोधू लागले, सामान बाहेर काढून जाळू लागले. पुढे २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते शाळेत शिकलोच आहोत. घरं धुऊन काढायची, ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढायची, असेही उपाय चालले. म्हणजे छपरापर्यंत हात पोचला होता, पण छपरात राहतं कोण इकडे लक्ष नव्हतं. माणूस, त्याचे कपडे, त्याची घाण हाच संशय. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइल समोर उघडी होती आणि सगळे भलत्याच सर्व्हरवर डीबग करत बसले होते.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक साधा प्रयोग केला. प्लेग झालेला उंदीर आणि निरोगी उंदीर एकाच बरणीत, पण एकमेकांना शिवता येणार नाही असे ठेवले. पहिल्याच्या अंगावर पिसवा होत्या. तो मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगने गेला. निष्कर्ष सरळ होता : मेलेला उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि नवं अंग शोधतात. पण सरकारी प्लेग कमिशनने हे मानलं नाही. मध्ये काही वर्षं अशीच गेली. मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन मात्र पिसवांच्या मागावर राहिले.

मग १९०५ मध्ये नवीन कमिशन नेमलं गेलं. त्याचं काम चाललं परळच्या प्रयोगशाळेत, जिला आपण आज हाफकिन म्हणून ओळखतो. तिथला एक प्रयोग वाचून मी उडालोच. त्यांनी सहा खोल्या बांधल्या. सगळं सारखं, फक्त छप्पर वेगळं. दोन खोल्यांवर देशी कौलं, ज्यात उंदीर मजेत राहतात. दोनांवर सपाट कौलं, ज्यात ते राहतात पण तितके सुखाने नाही. उरलेल्या दोनांवर पत्रे. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर आणि त्यांच्या लेंड्या खाली येणार नाहीत, पिसवा मात्र पडतील. छपरांत उंदीर नांदू लागल्यावर खाली गिनीपिग सोडले, काही प्लेगचे, काही निरोगी. देशी कौलांखाली निरोगी गिनीपिग भराभर मेले. सपाट कौलांखाली कमी आणि सावकाश. पत्र्याखाली उंदीर नाहीत म्हणून पिसवा नाहीत, आणि तिथे आजाऱ्याशेजारी राहूनही निरोगी गिनीपिग जगले!

अजून एक. अशाच खोलीत गिनीपिगचा पिंजरा जमिनीपासून दोन फुटांवर टांगला तर तो वाचला. दोन इंचांवर ठेवला तर गेला. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? पिसूची उडी चार-पाच इंचांची, एवढंच. उंदीर मरायला लागल्यावर साधारण दोन आठवड्यांनी माणसांमध्ये साथ दिसते, हेही याच कमिशनने मांडलं.

हे दोन आठवडे वाचले आणि आजीचं वाक्य नीट कळलं. माळा वाजतोय म्हणजे उंदीर जिवंत आहेत, पिसवा त्यांच्याच अंगावर आहेत. माळा अचानक गप्प झाला म्हणजे पिसवा खाली यायला निघाल्या. झोपडी घालून शेतात जाणाऱ्यांना ना पिसू माहीत होती ना जंतू. पण खूण अचूक होती आणि त्यावरचा उपायही. त्यांना कुणी विचारलं असतं तर? असो. लोकांचं सगळंच बरोबर होतं असंही मला म्हणायचं नाही. देवीचा कोप म्हणणारे होते, लस टोचून घ्यायला घाबरणारेही होते.

आणि हे फार जुनं नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मेले, मग माणसांना गाठी आल्या. पाठोपाठ सुरतेत साथीची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. सुरतेत खानदेशातली माणसं किती, ते तुम्हाला माहीत असेलच. आमचे एक काका तेव्हा उधन्याला होते, ते खच्चून भरलेल्या गाडीने भुसावळला उतरले. आजीने दारातच विचारलं, "तुमच्याकडे उंदीर पडले का रे?" सुरतेतला प्लेग फुप्फुसाचा सांगितला गेला. तो माणसाच्या खोकल्यातूनही पसरतो, म्हणजे तिथे उंदरांची खूण पुरेशी नव्हती. पण प्रश्न विचारायची सवय शंभर वर्षं टिकली होती, हे विशेष.

आज प्लेगवर वेळेत मिळाली तर अँटिबायोटिक्स चालतात. तरी तज्ज्ञ सांगतात तो क्रम तोच आहे : प्लेगचा संशय असेल तर आधी पिसवा मारा, मग उंदीर. उलट केलं तर आपणच पिसवांना बेघर करतो. रोजच्या उंदरांसाठी एवढी भीती नको, पण त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा मेलेल्याला उघडा हात लावायचा नाहीच.

आमच्या माळ्याचं काय झालं? विष आणलं नाही. तूर पत्र्याच्या कोठीत गेली, जुन्या गोधड्या खाली आल्या, पत्रा आणि भिंतीच्या मधल्या फटीला जाळी ठोकली आणि दोन पिंजरे लावले. पत्रे असूनही उंदीर का, तर आम्हीच वर धान्य आणि अंथरूण पुरवलं होतं.

आता रविवारी फोन केला की मी विचारतो, "आजी, माळा वाजतो का?"

"थोडा थोडा," ती म्हणते. मग मी निवांत.