भाषण एकाचे, किंमत दुसऱ्याची : महाड १९२७ चा विसरलेला धडा

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत मंडप, कर्णे आणि वक्ते यांची जुळवाजुळव सुरू होते. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या अशाच एका सभेला बाहेरगावाहून एक वक्ते आले. तासभर बोलले. पोरांच्या अंगावर काटा आला, शिट्ट्या आणि घोषणांनी मंडप दणाणला. शेवटी ते म्हणाले, आता दाखवून द्या. काय दाखवायचे, कोणाला, कसे, हे काही त्यांनी सांगितले नाही. त्या रात्री शेजारच्या वस्तीशी दगडफेक झाली. वक्ते तोवर गाडीत बसून निघून गेले होते. गुन्हे दाखल झाले ते आमच्या पोरांवर. त्यांतला एक पोलीस भरतीची तयारी करत होता. पुढची दोन वर्षे त्याची आई रोजंदारी बुडवून कोर्टाच्या तारखा करत होती आणि आम्ही तिच्यासोबत जात होतो.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. माणसांना हलवून सोडणारे भाषण चांगले की वाईट, हे ठरवायचे कशावरून? चळवळीत याची दोन ठरलेली उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, भाषणबाजी बंद करा, काम करा. दुसरे म्हणतात, समोरचे लोक खोटे बोलून माणसे पेटवतात, मग आपणच सोवळे का राहायचे? आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. कारण आमच्या लढ्याची सुरुवात ज्या महाडला झाली, तिथे १९२७ साली या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने दिले गेले आहे. आपण महाड साजरे करतो, पण त्यातला हा भाग सांगत नाही.

एक भाषण आणि एक अफवा

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. बोले ठरावानंतर १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावर. तळ्याचे पाणी भरायची कोणाची हिंमत नव्हती. १९ मार्च १९२७ रोजी परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. समोर कोकणातल्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसे बसली होती.

अशा सभेत टाळ्या मिळवणे किती सोपे होते! जमलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर अपमानाचे वळ होते. सवर्णांना शिव्या घातल्या असत्या तरी सभा जिंकता आली असती. बाबासाहेबांनी अन्यायाचा हिशेब मांडलाच, पण जमलेल्यांनाही सोडले नाही. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा, आपसातला उच्चनीचपणा सोडा, मुलांना शिकवा, असे त्यांनी बजावले. ऐकणाऱ्याला हे गोड लागणारे नव्हते. अनेकांच्या पोटाचा प्रश्न त्या तुकड्यांशी बांधलेला होता. तरीही माणसे उठून गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, तीच माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली.

आणि मग अफवा आली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार! परिषदेत असे काहीही ठरले नव्हते. पण या एका खोट्या वाक्याने गावात लाठ्या निघाल्या. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर जमाव तुटून पडला. अन्न मातीत गेले, डोकी फुटली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. पुढे १०८ घागरींत दही, दूध, शेण, गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले गेले.

मित्रहो, ही अफवा हेसुद्धा वक्तृत्वच होते. त्यात धर्म होता, भीती होती, 'आपले' आणि 'परके' होते. फक्त सत्य तेवढे नव्हते. शिवाय त्या वाक्याला मालक नव्हता. ते कोणी उच्चारले, याचा जाब कोणाला विचारणार? माणसे पेटवणाऱ्या शब्दांची ही जुनी खूण आहे. परिणाम सर्वांना दिसतो, जबाबदार माणूस दिसत नाही.

त्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या आसपास संतापलेले लोक होते. त्यांत लष्करात नोकरी केलेले, लढायचे कसे हे जाणणारेही होते. एका शब्दाने महाडात रक्ताचा सडा पडला असता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. हल्लेखोरांविरुद्ध तक्रार झाली, खटला चालला आणि काहींना शिक्षाही झाली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि युक्तिवाद छापील शब्दात, स्वतःच्या नावाने, सर्वांसमोर मांडला जाऊ लागला.

थांबवणारे भाषण

पण खरी परीक्षा डिसेंबरात होती. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता. म्हणून २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद भरली. त्याआधीच, १४ डिसेंबरला, सनातन्यांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. पहिल्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. सत्याग्रहासाठी नावे नोंदवणाऱ्यांची संख्या जवळपास चार हजारांवर गेली.

आता बाबासाहेबांनी काय केले ते नीट पाहा. जिल्ह्याचा कलेक्टर सत्याग्रह करू नका असे सांगायला आला. त्याला तंबूबाहेर ताटकळत ठेवून त्याच्या नावाने सभा तापवता आली असती. त्याला सभेपुढे बोलू दिले. सत्याग्रहाच्या बाजूने भाषणे झाली, विरोधातही झाली. लोकांचा कल लढण्याकडे होता. मग २७ तारखेला स्वतः बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करण्याची सूचना मांडली. आपला झगडा तळे अडवणाऱ्यांशी आहे, कोर्टाचा हुकूम मोडला तर तो सरकारशी होईल, आणि हक्क आपला आहे हे कोर्टातही सिद्ध करता येईल, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. लोकांनी ऐकले. मिरवणूक निघाली, तळ्याच्या बाजूने गेली आणि पाण्याला न शिवता परतली.

तो कोर्टातला लढा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

डिसेंबरचा निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही वाद होऊ शकतो. व्हावाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या एका शब्दावर चार हजार माणसे तुरुंगात जायला तयार आहेत, त्याने विरोधी बाजू ऐकवली, कारणे दिली आणि टाळ्यांच्या उलट दिशेने उभे राहून बोलणे पत्करले. कारण त्याला ठाऊक होते की सभा संपल्यावर ही माणसे आपापल्या गावी एकेकटी जाणार आहेत आणि तिथे किंमत त्यांना मोजावी लागणार आहे.

त्याच वर्षातली आणखी एक गोष्ट. ब्राह्मणेतर पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण चळवळीत ब्राह्मण नकोत अशी अट घातली. बाबासाहेबांनी अट नाकारली. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका होती. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण होते. एका जातीला शत्रू ठरवले की भाषण सोपे होते, हे कळत असूनही तो सोपा रस्ता सोडला गेला.

तथागतांची कसोटी

ही कसोटी बाबासाहेबांच्याही आधीची आहे. मज्झिम निकायात अभय राजकुमाराचे सुत्त आहे. बुद्ध कधी अप्रिय बोलतात का, असा पेचाचा प्रश्न घेऊन राजकुमार येतो. त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल असते. तथागत त्यालाच विचारतात की या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? राजकुमार म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. मग तथागत सांगतात की जे खरे नाही ते बोलायचे नाही. खरे असूनही हिताचे नाही, तेही नाही. जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला आवडो वा न आवडो, योग्य वेळ पाहून बोलायचे.

म्हणजे तीन प्रश्न झाले. खरे आहे का? हिताचे आहे का? वेळ योग्य आहे का? महाडची तिन्ही प्रकरणे यावर घासून पाहा. अफवा पहिल्याच प्रश्नावर नापास होते. मार्चचे भाषण अप्रिय होते, पण खरे आणि हिताचे होते. डिसेंबरात हक्क खराच होता, प्रश्न वेळेचा होता.

आपला माईक आपण तपासू

आता 'समोरचे खोटे बोलतात, मग आपण का नाही?' याचे उत्तर देऊ. खोट्याचा फायदा ज्याच्याकडे आधीच सत्ता, पैसा आणि संख्या आहे त्यालाच होतो. आमच्या माणसाकडे पुराव्याखेरीज काय आहे? कोर्टात, विद्यापीठात, तहसील कचेरीत आमचा शब्द खरा निघतो, एवढीच आमची पुंजी. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी कधीच न म्हटलेली वाक्ये टाकून आपण रोज मोबाईलवर पुढे ढकलतो, तेव्हा ही पुंजी आपणच उधळतो. उद्या त्यांचे खरे वाक्य दाखवले तरी समोरचा म्हणेल, हेही बनावट असेल.

आणि 'भाषणे बंद करा' म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे की ज्यांचे तोंड शतकानुशतके बंद ठेवले, त्यांना गप्प बसण्याचा उपदेश करू नका. आमच्या आज्या-पणज्या भाषणे ऐकूनच शाळेपर्यंत पोचल्या. महाडलाच स्त्रियांसमोर झालेल्या भाषणानंतर बायकांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. शब्दांनी हे केले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी सांगितले. आपण तो इशारा दुसऱ्यांच्या नेत्यांना लावतो. तो आपल्या मंचालाही लागतो. ज्या वक्त्याला सभेनंतर प्रश्न विचारता येत नाही, तो आपल्याला अनुयायी बनवतो, नागरिक बनवत नाही.

आमच्या वस्तीत आता एक साधा नियम आहे. जो वक्ता येईल त्याने भाषणानंतर अर्धा तास खाली सतरंजीवर बसायचे, पोरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि मग चहा घेऊन निघायचे. काही मोठ्या वक्त्यांनी या नियमामुळे येणे टाळले. आमचे काही बिघडले नाही. गेल्या वर्षी पहिला प्रश्न त्याच पोराने विचारला, ज्याची भरती हुकली होती. त्याने विचारले, "साहेब, तुम्ही सांगता तसे आम्ही केले आणि आत गेलो, तर जामिनाला तुम्ही याल का?"

वक्ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला माझे शेवटचे वाक्य मागे घेऊ द्या."

त्या सभेत सर्वांत मोठी टाळी त्या वाक्याला पडली.

जय भीम!