शुक्राणूची रचना आणि पशुसंवर्धनाची प्रशासकीय घडी

प्रशासनाचा इतिहास आपण कायदे, आयोग आणि पंचवार्षिक योजना यांच्या आधारे लिहितो. भारतातील पशुसंवर्धन खात्याची घडी मात्र बऱ्याच अंशी एका पेशीच्या रचनेने बसविली, असे माझे मत आहे.

वळूच्या शुक्राणूचे तीन भाग असतात. चपट्या डोक्यात केंद्रक, म्हणजे पित्याचा आनुवंशिक वारसा. त्यावर अ‍ॅक्रोसोम नावाची टोपी, जिच्यातील विकरे बीजांडाच्या आवरणातून वाट काढतात. मध्यभागी ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचा वेढा आणि मागे गती देणारी शेपटी. मेंढा, बोकड, वराह यांचा सांगाडा असाच. कोंबड्याच्या शुक्राणूचे डोके मात्र लांबट आणि बाकदार. या पेशीत पेशीद्रव्य जवळजवळ नसते. त्यामुळे झालेली हानी ती भरून काढू शकत नाही. एकाएकी थंडी लागली की तिचे पातळ आवरण फाटते आणि सर्व संपते.

डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने १६७७ साली शुक्राणू पाहिले. इटलीच्या स्पालान्झानीने १७८० साली कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा यशस्वी प्रयोग केला. भारतात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी हे तंत्र वापरले. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

तेव्हा हाती होते ते शीत रेत. अंड्यातील बलक आवरणाचे रक्षण करी, पण ते काही दिवसच. साहजिकच वळू गावांपासून दूर ठेवता येत नसे. पहिल्या पंचवार्षिक योजनेतील ‘की व्हिलेज’ योजनेची विखुरलेली केंद्रे मला या मर्यादेचेच प्रतिबिंब वाटतात.

१९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलच्या साह्याने कोंबड्याचे शुक्राणू गोठवून जिवंत ठेवले. पुढे वळूच्या रेतातही ते साधले. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात रेतकांडी वर्षानुवर्षे टिकू लागली. वळू मोजक्या केंद्रांत एकवटले आणि खात्याचे खरे काम नत्राची साखळी अखंड राखणे हे झाले. आपल्या उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या ‘बाएफ’ने पुढे हीच सेवा अनेक राज्यांत शेतकऱ्याच्या दारी नेली.

ही साखळी कोठे तुटते, हे मासिक अहवालातून कळत नाही. आपल्या देशात एका कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू भरतात. पात्रातील नत्र आटले, किंवा कांडी क्षणभर अधिक बाहेर राहिली, तर त्यांतील बहुतेक मरतात. नोंदवहीत मात्र ‘रेतन झाले’ असेच लिहिले जाते. गाय उलटते. शेतकऱ्याचे २१ दिवस, चारा आणि पुढचे दूध जाते. म्हशीचे रेत गोठविणे तर अधिकच नाजूक.

म्हणून रेतनांची संख्या हे यशाचे माप मानू नये, असे मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवही उघडण्यापूर्वी पात्रात मोजपट्टी घालून नत्राची पातळी पाहावी आणि मग किती गाई गाभण राहिल्या, हे विचारावे.