गृहव्यवस्था, महाराष्ट्रातील

गृहव्यवस्था, महाराष्ट्रातील : कुटुंबातील माणसांचे अन्न, वस्त्र, पाणी, सरपण, आरोग्य, सणवार, पाहुणचार व जमाखर्च यांची आगाऊ आखणी करून ती दैनंदिन व्यवहारात पार पाडण्याच्या रीतीस गृहव्यवस्था म्हणतात. स्वयंपाक, झाडलोट, धुणे ही घरातील प्रत्यक्ष कामे होत. कोणते काम केव्हा, कोणी आणि किती साधनांनिशी करावयाचे हे ठरविणे व ते लक्षात ठेवणे हा गृहव्यवस्थेचा गाभा होय. प्रत्यक्ष कामाचे स्वरूप गेल्या दोन शतकांत महाराष्ट्रात पुष्कळच पालटले. लक्षात ठेवण्याची व जबाबदारी वाहण्याची बाजू मात्र बव्हंशी स्त्रियांकडेच राहिली. या बदलाचा आणि या सातत्याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख : घर चालविणे हे हिशेबाचे व दूरदृष्टीचे काम आहे, ही जाणीव जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्रव्याचा संग्रह व व्यय, स्वच्छता, स्वयंपाक आणि घरातील भांडीकुंडी व इतर सामान यांची देखरेख ही कामे पत्नीकडे सोपविण्यास सांगितले आहे. अर्थात तेथील उद्देश स्त्रीला कामात गुंतवून तिचे रक्षण करणे हा आहे, तिला अधिकार देणे हा नव्हे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ‘भार्याधिकारिक’ या चौथ्या अधिकरणात अधिक व्यावहारिक तपशील आढळतो. वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन त्या बेताने खर्च करणे, रोजच्या जमाखर्चाचा मेळ घालणे, जिन्नस स्वस्त असतील त्या काळी घेऊन ठेवणे, परसात भाजीपाला लावणे इ. गोष्टी तेथे गृहिणीची कर्तव्ये म्हणून सांगितल्या आहेत. वार्षिक अंदाज, दैनिक हिशेब आणि हंगामी साठवण ही तीन सूत्रे पुढे विसाव्या शतकापर्यंत मराठी घरांतही टिकून राहिलेली दिसतात.

वाडा व एकत्र कुटुंब : मराठा राजवटीत राजगृहाचा व्याप अठरा कारखाने व बारा महाल यांत विभागलेला असे. धान्याची कोठी, मुदपाकखाना, जामदारखाना, फरासखाना अशा प्रत्येक खात्यास स्वतंत्र अधिकारी व स्वतंत्र हिशेब असे. सरदार-सावकारांच्या वाड्यांत याच रचनेची लहान प्रतिकृती आढळे. बाहेरचा व्यवहार कारभाऱ्याकडे असे. माजघरापासून परसापर्यंतचा कारभार घरातील वडील स्त्रीकडे असे. कोठीघराच्या किल्ल्यांचा जुडगा हे तिच्या सत्तेचे दृश्य चिन्ह होते. सासूकडून थोरल्या सुनेकडे किल्ल्या येणे म्हणजे घराचा कारभार हाती येणे, असे मानले जाई.

वीस-पंचवीस माणसांच्या घरात रोजचे धान्य मापून काढले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली अशी दुपटीने वाढणारी मापे असल्याने, जेवणारी माणसे वाढली किंवा घटली तरी मोजदाद सोपी जाई. लिहितावाचता न येणाऱ्या स्त्रीलाही हा हिशेब तोंडपाठ असे. पाळीपाळीने सुनांनी स्वयंपाक करणे, सोवळ्याचे नियम, विटाळाच्या दिवसांत कामे दुसरीकडे जाणे अशा रूढींमुळे कामाची वाटणी आपोआप ठरे. ही वाटणी न्याय्य मात्र नव्हती. उच्चवर्णीय घरांत आश्रयास राहिलेल्या विधवांवर कष्टाच्या कामांचा सर्वाधिक भार पडे आणि साठ्यावर त्यांचा कोणताच अधिकार नसे. [⟶ कुटुंबसंस्था].

बेगमी : वर्षभराच्या साठवणीस बेगमी म्हणतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाटा बंद होत, सरपण भिजे व भाजीपाला दुर्मिळ होई. म्हणून बेगमीची बहुतेक कामे चैत्र ते ज्येष्ठ या काळात उरकली जात. देशावर ज्वारी पेवांत किंवा कणग्यांत, कोकण-गोव्यात भात कणग्यांत व तांदूळ पेंढ्याच्या मुड्यांत साठवीत. गव्हाला एरंडेल चोळणे, धान्यात कडुलिंबाचा पाला किंवा बिब्बे घालणे, ते वेळोवेळी उन्हात घालणे हे कीड टाळण्याचे सर्वपरिचित उपाय होते. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, लोणची, मसाले, मीठ लावलेली चिंच, कोकणात आमसुले व फणसपोळ्या हे पदार्थ शेजारणींनी एकमेकींकडे जाऊन आळीपाळीने केले जात. गोवऱ्या व लाकडे यांचा साठाही याच काळात भरला जाई. बेगमी म्हणजे पंचांग, हवामान, बाजारभाव आणि घरातील माणसांची भूक यांचा एकत्र विचार करून केलेले नियोजनच होय.

तथापि बेगमी ही पदरी धान्य असणाऱ्यांची व्यवस्था होती. भूमिहीन व मजूर कुटुंबांत रोजच्या कमाईवर रोजची चूल पेटे. तेथील स्त्रीचे कौशल्य साठवणुकीत नव्हे, तर अपुऱ्या धान्यात सर्वांना पुरवून वाढण्यात असे. शेतकरी घरांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादींची सेवा बलुत्याच्या रूपाने सुगीत धान्य देऊन वर्षभरासाठी बांधून घेतलेली असे. त्यामुळे गृहव्यवस्थेचा एक भाग गावाच्या जातिनिष्ठ रचनेवरच उभा होता. शेतकरी व कष्टकरी स्त्रीचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. घरच्या दळणाबरोबर गायिलेल्या ओव्यांत सासर, माहेर, कामाचा शीण व घरातील टंचाई यांचे वर्णन येते. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. ज्या व्यवस्थेच्या वह्या कोणी लिहिल्या नाहीत, तिचा हा मौखिक दप्तरखानाच म्हणावा लागेल.

लेखी गृहव्यवस्था : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीशिक्षणाचा प्रश्न पुढे आला, तेव्हा शिकलेली स्त्री घर नीट चालवील काय, हा वादाचा मुख्य मुद्दा बनला. रमाबाई रानडे यांच्या आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी (१९१०) या आत्मकथनात पतीच्या आग्रहाने शिकताना घरातील वडील स्त्रियांचा रोष कसा सोसावा लागला, याचे वर्णन आहे. सुधारकांनी या आक्षेपास दिलेले उत्तर असे, की शिक्षणाने गृहव्यवस्था बिघडणार नाही, उलट सुधारेल. यातूनच गृहव्यवस्था हा शिकविण्याचा विषय झाला. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाचे कार्य केले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गृहव्यवस्था व आरोग्यशास्त्र यांसारख्या विषयांस स्थान मिळाले.

१९१० मध्येच लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सासूच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून मिळणारे ज्ञान आता पुस्तकातून एकटीने मिळविता येऊ लागले. नोकरीनिमित्त नवरा-बायको शहरात वेगळे बिऱ्हाड थाटू लागल्याने अशा पुस्तकांची गरज होतीच. १९३० मध्ये सुरू झालेल्या स्त्री मासिकाने घर आणि घराबाहेरचे जग या दोहोंविषयी लिहिण्यास स्त्रियांना व्यासपीठ दिले. पुढे कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या ग्रंथाने वाटी व चमचा ही घरोघरी असणारी मापे वापरून पदार्थांची नेमकी प्रमाणे दिली. ‘अंदाजाने’ घालण्याच्या परंपरेकडून प्रमाणाकडे झालेल्या प्रवासाचा हा महत्त्वाचा टप्पा होय.

चाळ, खानावळ व शिधापत्रिका : मुंबईत कापडगिरण्या वाढल्यावर कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांचे घर दोन ठिकाणी विभागले गेले. पुरुष मुंबईत व कुटुंब गावी, आणि दोहोंना जोडणारी मनीऑर्डर, अशी ही व्यवस्था होती. मुंबईतील एकट्या कामगारांचे जेवण खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांनी सांभाळले. या स्त्रियांची संघटना करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. घरचे जेवण कचेरीत पोहोचविणारी डबेवाल्यांची व्यवस्था महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केली. डबेवाला ठरलेल्या वेळी दारात येत असल्याने हजारो घरांतील स्वयंपाकाची वेळही त्याच्या फेरीने बांधली गेली.

१९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सु. १६० चौ. फुटांची असून संडास मजल्यावरील सर्वांना सामाईक असत. एवढ्या जागेत स्वयंपाक, अभ्यास, झोप व पाहुणचार चालविण्यासाठी जागेपेक्षा वेळेची वाटणी महत्त्वाची ठरली. पाळीवरून आलेला कामगार झोपलेला असताना मुलांनी व्हरांड्यात अभ्यास करणे, नळाच्या ठरावीक वेळेत पिंपे भरून ठेवणे, रात्री अंथरुणे घालण्यापूर्वी सामान वर चढविणे असे अलिखित वेळापत्रक प्रत्येक खोलीत असे. बेगमीस जागा नसल्याने वाण्याची मासिक खातेवही आली. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि शिधापत्रिका हा घरातील सर्वांत महत्त्वाचा कागद बनला. १९५७ मध्ये दशमान नाणी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मेट्रिक मापे आली. आणे-पै व शेर-पायली यांत मुरलेल्या गृहिणींना आपले सर्व हिशेब नव्याने बसवावे लागले.

घराचा हिशेब चव्हाट्यावर येण्याची घटना १९७२ मध्ये घडली. दुष्काळ व भाववाढ यांच्या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते इत्यादींच्या नेतृत्वाखाली गृहिणींनी लाटणी व थाळ्या घेऊन मोर्चे काढले. तेल, साखर, रॉकेल यांचा तुटवडा हा गृहिणीच्या काटकसरीचा नव्हे, तर शासनाच्या धोरणाचा प्रश्न आहे, हे या आंदोलनाने ठसविले.

यंत्रे, दिनदर्शिका व बदललेले श्रम : पिठाची गिरणी, नळ, गॅसची शेगडी, प्रेशर कुकर, मिक्सर व शीतकपाट यांनी शारीरिक कष्ट निःसंशय कमी केले. बेगमीचे पदार्थही घराबाहेर तयार होऊ लागले. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकर यांनी सुरू केलेली कालनिर्णय ही दिनदर्शिका मराठी घरांत केवळ तिथी पाहण्यासाठी राहिली नाही. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, मुलांच्या परीक्षा, कामवालीच्या सुट्या अशा नोंदींनी तिचे चौकोन भरू लागले. पूर्वी वडील स्त्रीच्या स्मरणात असलेला कारभार अशा रीतीने भिंतीवर आला. अलीकडे तो भ्रमणध्वनीवरही आला आहे.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरांत पाळणाघर, पोळीभाजी केंद्र व घरकामगार स्त्री यांच्या आधारे व्यवस्था चालते. एका घराची घडी अशा रीतीने दुसऱ्या घरातील स्त्रीच्या श्रमावर बसलेली असते आणि त्या दुसऱ्या घराची व्यवस्था बहुधा तेथील थोरल्या मुलीवर पडते. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढ व सुट्यांसाठी संप केला व त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला.

मूल्यमापन : राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीनुसार भारतात सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरातील विनावेतन कामांत सहभागी होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. सहभागी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर सहभागी पुरुष ९७ मिनिटे देत. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे आढळले. अशा पाहण्यांत हातांनी केलेले काम मोजले जाते. काय संपले, कोण आजारी आहे, उद्या कोण येणार आहे हे मनात सतत बाळगण्याचे काम मिनिटांत मोजणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील गृहव्यवस्थेचे ज्ञान किल्ल्यांच्या जुडग्याकडून पुस्तकाकडे, पुस्तकाकडून दिनदर्शिकेकडे आले. ज्ञान लेखी व सर्वांच्या दृष्टीस पडेल असे झाल्याने ते घरातील कोणालाही वापरता येण्याजोगे झाले. भिंतीवरील नोंद मुलाला व वडिलांनाही वाचता येते. ती वाचून काम उचलण्याची रीत मात्र अद्याप सर्वत्र रुजलेली नाही. जुन्या व्यवस्थेत भार वाहणाऱ्या वडील स्त्रीकडे निदान किल्ल्यांची सत्ता तरी होती. नव्या घरात सत्ता वाटली गेली, भार मात्र त्या प्रमाणात वाटला गेला नाही. घर नीटनेटके चालणे हा एकीचा गुण नसून सर्वांचे समाईक काम आहे, ही जाणीव आचरणात येणे हा या इतिहासाचा अपुरा राहिलेला टप्पा होय.