झेंडूच्या आधीचे अंगण

मराठी घराच्या फुलबागेचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती, हा पहिलाच प्रश्न अडवतो. नागपूरकर भोसल्यांच्या महाराजबागेविषयी किंवा तेलंगखेडीच्या बागेविषयी काही ना काही लिहिलेले सापडते. परंतु भंडारा, पवनी, तुमसर, साकोली या गावांतल्या घरामागच्या सांदवाडीत, न्हाणीच्या पाण्यावर कोणी काय वाढवले, याची नोंद सहसा मिळत नाही. ती बहुतांशी बायकांची बाग. तिची बखर कोण लिहिणार? तेव्हा साक्षीला फुलांनाच बोलवावे लागते. आणि फुले मोठी चमत्कारिक साक्ष देतात.

आज पूर्व विदर्भातल्या कोणत्याही जुन्या अंगणात डोकावले तर झेंडू, गुलबक्षी, निशिगंध, पांढरा खुरचाफा, पिवळी बिट्टी आणि फाटकावर चढलेली बोगनवेल दिसते. ही सारी मंडळी अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये त्या किनाऱ्याला लागला नसता आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला नसता, तर ती आपल्याकडे केव्हा आणि कोणत्या वाटेने आली असती, कोण जाणे. बाराही महिने फुलणारी आणि शेळ्यांनीही तोंड न लावलेली सदाफुली मादागास्करची. म्हणजे ज्याला आपण 'आजीच्या वेळचे अंगण' म्हणून हळवेपणाने आठवतो, त्याचा बराचसा भाग गेल्या चार-पाचशे वर्षांतला आहे.

याचा अर्थ वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. चक्रधरस्वामींच्या शिष्यांतले नीळभट्ट भांडारेकर हे भंडाऱ्याचे. तेराव्या शतकातल्या त्यांच्या दारी दसऱ्याला झेंडूचे तोरण असणे शक्य नव्हते. मोगरा, जाई, पारिजातक, कोरांटी, तांबडा-पांढरा कण्हेर असे काही असू शकेल. 'लीळाचरित्र' काय किंवा शके १२१२ ची 'ज्ञानेश्वरी' काय, ही झेंडूच्या आधीच्या मराठीतली पुस्तके आहेत. जुन्या काव्यात चाफा किंवा चंपक आला की वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे देवळाजवळचा पांढरा, चिकाचा खुरचाफा उभा राहतो. तो हा नव्हे, तो सोनचाफा. पाहुण्याने मूळ घरधन्याचे नाव घेतले आणि पुढे लोक पाहुण्यालाच त्या नावाने ओळखू लागले. कण्हेराचेही तेच. संस्कृतातला करवीर निराळा. आपण ज्याला 'पिवळा कण्हेर' म्हणतो ती बिट्टी नंतर आलेली. टीपा देणाऱ्या संपादकांनी या ठिकाणी थोडे थांबायला हवे, असे मला वाटते. कवितेतला गंध बदलला की अर्थही बदलतो.

गुलाब, गुलबक्षी, गुलछडी या नावांतला 'गुल' अर्थातच फारसीचा. फूल एका खंडातले, नाव दुसऱ्या भाषेचे आणि वेणी मात्र मराठी! झेंडू तर इतका घरचा झाला की आचार्य अत्र्यांना आपल्या विडंबनकवितांच्या संग्रहाला 'झेंडूची फुले' हे नाव द्यावेसे वाटले. जे फूल अतिपरिचयाने स्वस्त झाले आहे, त्याच्याच नावात ही थट्टा साधते.

फूल आणि फुरसत यांचे नातेही नजरेआड करू नये. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून ते 'फुले' झाले. म्हणजे एकाच्या दिवाणखान्यातला सुगंध हा दुसऱ्याच्या पहाटेचा कामधंदा होता. अरणच्या सावता माळ्यांच्या अभंगातला मळा आठवावा. तो भाजीपाल्याचा आहे. सांदवाडीतही आधी वांगी-वालाच्या शेंगा आणि उरलेल्या कडेला फुले, हाच क्रम असे.

भंडाऱ्यात तर सारा खेळ पाण्याचा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ते 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. तलाव गाळाने उथळ झाला की आसपासच्या विहिरींनाही ते जाणवते. आणि विहीर आटू लागली की घरात पाणी पहिल्यांदा तुटते ते फुलझाडांचे. त्यातही मोगऱ्याचा स्वभाव आडमुठा. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडायचे, छाटणी करायची आणि उन्हे चढू लागली की पुन्हा पाणी सुरू करायचे, तेव्हा तो कळ्या धरतो. म्हणजे पारा ४५ अंशांकडे निघालेला असतो आणि विहिरीचा तळ दिसत असतो, नेमके तेव्हाच त्याला भरपूर पाणी हवे. तरीही वैशाखाच्या संध्याकाळी ओंजळभर कळ्या मिळाल्या की त्या बादल्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

बाकीचे त्रास ठरलेले. कलमी गुलाबाचा डोळा मरतो आणि खालचा रानटी खुंटच जोमाने वाढतो; मालक महिनाभर कौतुकाने पाणी घालत राहतात. जास्वंदीच्या कळ्या वानरे खातात, उरलेली फुले पहाटे फिरायला निघालेले भाविक नेतात. (दोघांत वानरे अधिक प्रामाणिक.) २००५ नंतर कपाशीवर धुमाकूळ घालणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही आला. तोही मूळचा अमेरिकेचाच; आपल्या फुलांमागून पाच शतकांनी पोचलेला.

आणि वैनगंगा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणाचे पाणी सुटले आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांत शिरले. घरेच बुडाली तिथे कुंड्यांचे काय! पण त्या वर्षी अधिक आश्विन आला होता, त्यामुळे दसरा लांबून २५ ऑक्टोबरला पडला. झेंडूला बी टाकल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात. अंगणातला गाळ उपसून ज्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकले असेल, त्यांना तोरणापुरते दिवस जेमतेम मिळाले.