उसनी झोप आणि तिची फेड

निझामच्या रेल्वेचा मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास पूर्णेवरून गेला, पुढें हिंगोलीकडचा फांटा फुटला आणि नदीचें नांव घेऊन बसलेलें हें गांव जंक्शन झालें. जंक्शनच्या गांवाला पुरती रात्र अशी नसतेच. वाफेच्या इंजिनांच्या काळीं ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन यांची झोप सूर्यावर न चालतां पाळीवर चाले, आणि तिच्यामागें घरच्या माणसांचीहि फरफट होई. इंजिनें बदललीं, पाळ्या राहिल्या. अशा गांवीं झोपेच्या गोळीचें माहात्म्य वाढावें यांत नवल नाहीं. परंतु गोळी लागते कशी, हा आमचा आजचा विषय नव्हे. ती सोडूं पाहणाऱ्याच्या रात्री कशा जातात आणि त्या रात्रींविषयीं मागच्या लोकांस काय ठाऊक होतें, हें पाहावयाचें आहे.

प्रकार घरोघरचा आहे. वर्षानुवर्षें निजतांना एक गोळी घेणारे कोणी वडील गृहस्थ एके दिवशीं निर्धार करून पाकीट फेकून देतात. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाहीं, हात कांपतात, छाती धडधडते, क्षुल्लक आवाजानें दचकायला होतें. मग ‘पाहा, आमचा जुना विकार आहे तिथेंच आहे’ असा निकाल देऊन ते पुन्हां गोळीला शरण जातात. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. त्या रात्रींची जाग पुष्कळ अंशीं जुन्या विकाराची नसते. औषधाला सरावलेलें शरीर तें एकाएकीं गेल्यामुळें बंड करून उठलेलें असतें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, अंगवळणी पडलेली अहितकारक वस्तु कशी सोडावी याचा विचार आहे. ती क्रमानें सोडावी, चौथा भाग कमी करून तेवढ्या जागीं हितकारक वस्तु आणावी, आणि एका पायरीपासून दुसरीपर्यंत दिवसांचें अंतर वाढवीत न्यावें, असा त्याचा आशय. वाग्भटानें अष्टांगहृदयांत आणखी सवलत दिली: चतुर्थांश न झेपल्यास चतुर्थांशाचा चतुर्थांश, म्हणजे सोळावा हिस्सा, कमी करावा. वस्तु अपथ्य असली तरी ती सहसा टाकल्यानें विकार होतो, असेंहि त्यानें बजाविलें आहे. वैद्यमंडळी यालाच पादांशिक क्रम म्हणतात. हे नियम आहारविहाराचे आहेत. झोपेच्या औषधाचें तेथें नांवहि नाहीं. सर्व कांहीं आमच्या ग्रंथांत आधींच होतें, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्हांस बसावयाचें नाहीं. तथापि तत्त्व तेंच आहे, हें नाकारण्यांतहि अर्थ नाहीं. झोप नाहींशी झालेल्याला चरक एकविसाव्या अध्यायांत अभ्यंग, स्नान, दूध-तूप, मनाजोगे गंध व शब्द, अंग चेपणें, सुखाची शय्या आणि नेमलेली वेळ हे उपाय सांगतो. आणि निद्रा आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला अग्रस्थान देतो.

अफू त्यानंतर पुष्कळ शतकांनीं आली. शार्ङ्गधराच्या काळीं ती वैद्यकांत रुळलेली दिसते. नंतर ती औषधाच्या बटव्यांतून घरांत शिरली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत, आणि १९२० नंतरच्या दशकांत त्यावर सरकारी चौकशींतहि बराच गवगवा झाला. आईला दोष देणें सोपें होतें. दहा तास सांचावर उभी राहणारी बाई मुलाला कोणाच्या हवालीं करणार, हें विचारणारे थोडे.

आम्हांस खरें कुतूहल वाटतें तें १९४९ सालच्या अखिल भारतीय अफू परिषदेचें. औषधाव्यतिरिक्त खाण्याच्या अफूचा पुरवठा दरसाल एक दशांशानें उतरवीत दहा वर्षांत बंद करावा, असें त्या वेळीं ठरलें, आणि ३१ मार्च १९५९ ही अखेरची तारीख धरली गेली. सबंध देशाचें व्यसन पायरीपायरीनें उतरविण्याचा हा प्रयोग होय! पायऱ्या उतरावयास लागल्या तेव्हां पूर्णा हैद्राबाद राज्यांत होती. संपल्या तेव्हां ती मुंबई राज्यांत आलेली होती. मुदतीनंतरहि वैद्यकीय दाखल्यावर नोंदलेल्या जुन्या खाणाऱ्यांना अफू मिळत राहिली, कारण शेवटची पायरी कांहींना उतरवतच नाहीं, हें सरकारलाहि उमगलें होतें.

हें शहाणपण रसायनशाळेंतून आलेल्या औषधांपुढें मात्र दर वेळीं विसरलें गेलें. १८६९ मध्यें क्लोरल आलें, १९०३ मध्यें व्हेरोनल, १९१२ मध्यें ल्युमिनल; प्रत्येकाचें स्वागत निर्धोक म्हणून झालें. बार्बिट्युरेट वर्गाचीं औषधें एकदम तोडल्यास आंकड्या येतात आणि वातभ्रम होतो, हें अमेरिकेंत हॅरिस इस्बेल यांनीं १९५० मध्यें प्रयोगानें सिद्ध केलें. १९६० मध्यें लिब्रियम व १९६३ मध्यें व्हॅलियम आलें. लिब्रियम मोठ्या मात्रेवरून अचानक थांबविल्यास तोच प्रकार होतो, हें १९६१ मध्येंच दिसून आलें होतें. तरी तीं साखरेच्या गोळ्यांसारखीं वांटलीं गेलीं. गोळी थांबतांच निद्रानाश पूर्वीपेक्षांहि उसळून येतो, याला १९७८ मध्यें केल्स यांनीं स्वतंत्र नांव दिलें.

इंग्लंडांत न्यूकॅसल येथें हीदर ॲश्टन यांनीं १९८२ पासून १९९४ पर्यंत अशा गोळ्या सोडविण्याचें रुग्णालय चालविलें. चालू मात्रेचा साधारण दहावा हिस्सा कमी करावा, एकदोन आठवडे थांबावें, मग पुढें जावें; वेग रोग्याच्या सोसण्याप्रमाणें ठरवावा, अशी त्यांची रीत. वाग्भटाचा सोळावा हिस्सा यापासून फार दूर नाहीं.

कॅनडांत मोरिन यांनीं २००४ मध्यें वृद्ध रोग्यांवर केलेला प्रयोग आम्हांस विशेष बोलका वाटतो. नुसती गोळी उतरविणाऱ्यांपेक्षां, तिच्याबरोबर झोपेची शिस्त शिकलेले कितीतरी अधिक जण गोळीवांचून राहूं शकले. ती शिस्त ऐकावयास कठोर आहे: रात्र कशीहि गेली तरी उठण्याची वेळ एकच; जाग असेल तर अंथरुणांत तळमळत न पडतां उठून बसावें; दुपारची डुलकी बंद. पाळीच्या नोकरीवर असणाऱ्याला ही एकच वेळ कोठून आणावी हा प्रश्न खराच, आणि त्यानें तो आपल्या डॉक्टरापुढें मांडलाच पाहिजे. मात्रा उतरविण्याचा हिशेबहि डॉक्टरानेंच करावयाचा. फार वर्षांची मोठी मात्रा, अपस्माराचा इतिहास किंवा दारूची संगत असेल तर घरच्या घरीं हें धाडस मुळींच करूं नये.

घरच्या मंडळींनीं या दिवसांत जायफळ उगाळून दूध द्यावें, पाय चेपावे, हवें तें करावें. फक्त सकाळीं उठल्याबरोबर ‘झोंप लागली का हो?’ हा प्रश्न कांहीं महिने विचारूं नये. त्याचें उत्तर तयार करण्यांतच रोग्याची अर्धी रात्र जात असते.